दिसला नाही म्हणून दुर्मीळ

जुलै महिन्यात पुण्याहून आंबोलीला जाणारा माणूस बहुधा धबधब्यासाठी जातो. मी तेथे काही वर्षे एका सापासाठी जात होतो, आणि हे सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटे त्याची मला सवय झाली होती. नाग किंवा अजगर असा कोणी नामांकित साप असता तर गोष्ट निराळी होती. मला हवा असलेला साप जेमतेम हातभर लांबीचा, बोटाएवढ्या जाडीचा, बिनविषारी, सारे आयुष्य मातीखाली काढणारा आणि गांडुळांवर पोट भरणारा आहे. त्याचे शास्त्रीय नाव मेलॅनोफिडियम खैरेई. मराठीत त्याला खैरेंचा काळा खापरखवल्या म्हणावे.

या नावातच माझ्या हट्टाचे मूळ आहे. पुण्यात लहानपण गेलेल्या माझ्या पिढीला साप पहिल्यांदा दिसला तो कात्रजला, १९८६ साली सुरू झालेल्या सर्पोद्यानात. ते उभे करणारे नीलिमकुमार खैरे हे आम्हा मुलांच्या लेखी सर्कशीतल्या वाघवाल्यापेक्षा मोठे होते, कारण त्यांनी १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले होते, आणि ही हकिकत आम्हांला बहात्तराच्या पाढ्यासारखी पाठ होती. पुढे २०१६ साली काही संशोधकांनी उत्तर सह्याद्रीतल्या एका काळ्या, बिळे करून राहणाऱ्या सापाला त्यांचे नाव दिल्याचे वाचले, तेव्हा ज्या माणसाने आयुष्यभर लोकांसमोर फडा काढणारे नाग उभे केले त्याच्या नावाचा साप असा मुखदुर्बळ निघावा याची मला गंमत वाटली. आणि लगेच दुसरा विचार आला, की हा साप आपण कधी पाहिलेला नाही. मी बँकेत नोकरी करतो, प्राणिशास्त्राशी माझा संबंध बारावीनंतर सुटला, तरी त्या एका विचारापायी २०१७ च्या जुलैत मी पहिल्यांदा रात्री विजेरी घेऊन आंबोलीत उतरलो.

खापरखवल्या हे नाव ज्याने ठेवले त्याचे निरीक्षण चांगले होते. या कुळातल्या बहुतेक सापांची शेपटी टोकाला तिरकी कापल्यासारखी असते आणि त्या कापलेल्या जागेवर खापराच्या तुकड्यासारखी खरखरीत ढाल असते. डोके मात्र निमुळते आणि टोकदार. त्यामुळे पाहणाऱ्याला शेपटी हेच डोके वाटते, किंवा दोन्हीकडे तोंडे आहेत असे वाटून तो दुतोंड्या ठरतो आणि पुष्कळदा त्याच कारणाने मारला जातो. आमचा काळा खापरखवल्या याला थोडा अपवाद आहे. त्याची शेपटी तासलेली नसून बाजूंनी दबलेली असते, म्हणजे खापरखवल्यांच्या घरात जन्मून त्याच्याकडे खापर नाही. अंगावरची काळी-निळी झळाळी मात्र अशी, की पाण्यावर रॉकेलचा थेंब पसरावा.

या सापांच्या बिळे करण्याच्या पद्धतीविषयी वाचले तेव्हा मी थक्क झालो होतो. खापरखवल्याच्या शरीराचा पुढचा भाग लालभडक, प्राणवायू धरून ठेवणाऱ्या स्नायूंनी भरलेला असतो. माती फोडताना तो कातडीच्या आतल्या आत आपला कणा नागमोडी वळवतो, त्यामुळे पुढचे अंग फुगून बिळाच्या भिंतींना घट्ट टेकते, आणि मग त्या आधारावर डोके पाचरीसारखे पुढे रेटले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला साप सरळच दिसतो. वळणे सगळी आत. हातपाय नसलेल्या प्राण्याने कुदळीचे काम करायचे तर याहून काटकसरीची युक्ती मला तरी सुचत नाही.

आंबोली सावंतवाडीपासून सुमारे ३० किलोमीटरवर, घाट चढून गेल्यावर समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांच्या आसपास उंचीवर आहे, आणि वर्षाकाठी तेथे ७००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. हे आकडे कागदावर वाचणे वेगळे आणि तेथे चार दिवस ओल्या कपड्यांत राहणे वेगळे. पाऊस तेथे वरून पडत नाही, तो चारी बाजूंनी असतो. चष्मा पुसण्यासाठी कोरडा म्हणून जपलेला रुमाल पहिल्याच रात्री ओला होतो, गमबुटात जळवा वरून शिरतात, आणि धुक्यात विजेरीचा उजेड चार पावलांपुढे पांढरी भिंत होऊन उभा राहतो. पण हाच पाऊस मातीतली बिळे आणि भेगा भरून टाकतो आणि एरवी कधी न दिसणारे जीव वर येतात, म्हणून शोधायचे तर याच दिवसांत.

पहिल्या वर्षी मला साप शोधता येत नव्हते, हे मान्य केले पाहिजे. मी जमिनीकडे पाहत चालत होतो आणि बरोबरचे स्थानिक वाटाडे, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते कमरेएवढ्या उंचीच्या फांद्यांवर विजेरी फिरवत होते. अर्ध्या तासात त्यांनी मला तीन चापडे, म्हणजे झाडांवर राहणारे विषारी साप, दाखवले. त्यांपैकी एका चापड्याच्या शेजारून मी दोनदा गेलो होतो, माझी बाही त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेली असेल. मलबारी चापडा हा एकाच जातीत किती रंग घेऊ शकतो याला सुमार नाही. हिरवा, शेवाळी, तपकिरी, नारिंगी, पिवळट असे सगळे चापडे मी तेथे पाहिले आहेत. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने तो अंधारातही अंगाची ऊब ओळखतो, आणि एकदा फांदी पसंत पडली की दिवसेंदिवस तेथेच बसून राहतो. त्याचे विष सहसा जिवावर बेतत नाही, पण दंश झाला तर वेदना आणि सूज पुष्कळ, आणि आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठीच बनवलेली असल्यामुळे चापड्यावर तिचा भरवसा नाही. काकांनी हे मला पहिला चापडा दाखवल्यानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर मी बाही आवरून चाललो असतो.

त्या रात्री काकांनी दिलेला धडा असा होता की सापाला शोधायचे नसते, पानांना पाहायचे असते. ओले पान चमकते, कोळ्याचे डोळे हिऱ्यासारखे लुकलुकतात, वेलीची गाठ सापासारखी दिसते आणि साप वेलीच्या गाठीसारखा. हे सगळे पाहून पाहून डोळ्यांना जंगल पाठ झाले की मग जे त्यात बसत नाही ते आपोआप खुपते. मला हे जमायला तीन पावसाळे लागले. पण हा सगळा अभ्यास झाडावरच्या सापांचा झाला. मातीच्या आत असलेल्याला पाहण्यासाठी डोळे कसे तयार करायचे, याचे उत्तर काकांकडेही नव्हते. ते एवढेच म्हणाले, "तो आपण येतलो तेव्हा. आपण सोदून गावचो नाय."

मालवणी मुलखात रात्रीच्या वेळी सापाला साप म्हणत नाहीत. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात, नाही तर जिवाणू म्हणतात. पाठ्यपुस्तकातल्या मराठीने जिवाणू हा शब्द डोळ्यांनी न दिसणाऱ्या जंतूंसाठी राखून ठेवला आहे, आणि येथे तो अंगणात शिरलेल्या नागासाठी. माझ्या खापरखवल्याला मात्र हे दोन्ही अर्थ एकदम लागू पडत होते. रात्री उशिरा रस्त्याकडेला वाकून पाहणाऱ्या आम्हां दोघांना एकदा दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाने थांबून विचारले, की काय हरवले आहे. काकांनी जिवाणू शोधतोय म्हटल्यावर त्याने गाडी बंद केली, जवळ आला आणि आवाज खाली घेऊन विचारले, "मांडूळ गावला काय? किती वजनाचा?" मांडुळाने गुप्तधन मिळते, त्याला लाखोंनी गिऱ्हाईक असते, या खुळापायी तो निरुपद्रवी साप महाराष्ट्रभर पोत्यांत भरून विकला जातो आणि विकणारे पकडले गेल्याच्या बातम्या दर काही दिवसांनी वर्तमानपत्रांत येतात. सापाचा शोध घेणारा माणूस एक तर गारुडी किंवा मांडूळ तस्कर असणार, हा लोकांचा तर्क त्यामुळे चुकीचा म्हणता येत नाही. तेव्हापासून मी कोणी विचारले की बेडूक शोधतो असे सांगू लागलो.

ते अगदीच खोटेही नव्हते. आंबोलीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, पहिल्या पावसात जी डबकी साचतात त्यांच्याभोवती आंबोलीचे भेक जमतात. शास्त्राला ते २००९ साली माहीत झाले. त्याच मुलखातल्या मातीत देवगांडूळ असते, जे गांडूळही नाही आणि सापही नाही, बेडकांचे बिनपायाचे नातेवाईक आहे. डॅनियल यांच्या नावाचे देवगांडूळ २००३ साली आंबोलीतूनच नोंदवले गेले. दुसऱ्या वर्षी मी पालापाचोळ्यातून सरकणारे काहीतरी निळसर काळे पाहून ओरडलो होतो, आणि काकांनी विजेरी जवळ नेऊन त्याच्या अंगावरची वलये दाखवली, तेव्हा तोंडातला आनंद तसाच गिळावा लागला. देवगांडूळ पाहायला मिळणे ही वास्तविक भाग्याची गोष्ट, पण मी खट्टू होऊन परतलो. एकाच गोष्टीच्या मागे लागलेल्या माणसाचे हे असे होते.

सड्यावरच्या एका रात्रीने मात्र ते उट्टे भरून काढले. पाऊस तासभर थांबला होता आणि जांभ्याच्या खळग्यांतले पाणी निवळले होते. गुडघाभर खोलीच्या एका खळग्यात, पाण्याच्या तळाशी, हिरवट जैतुनी रंगाचा, काळे बारीक ठिपके असलेला साप शांतपणे फिरत होता. तो ऱ्हॅब्डॉप्स ॲक्वाटिकस. याच्या वंशातला दुसरा साप रिचर्ड बेडोम या वनाधिकाऱ्याने १८६३ साली वायनाडहून नोंदवला होता, आणि उत्तरेकडचे हे पाण्यातले साप त्याच नावाखाली मोजले जात होते. २०१७ साली त्यांना स्वतःचे नाव मिळाले. म्हणजे मी पुण्याहून निघालो त्या वर्षापर्यंत या सापाला हक्काचे नावच नव्हते. तो मात्र सड्यावरच्या खळग्यांत पावसाळ्यामागून पावसाळे काढत होता. आम्ही विजेरी मंद केली आणि तो दगडाखाली जाईपर्यंत बसून राहिलो. पाठीत पाणी शिरत होते, हे नंतर कळले.

दुर्मीळ या शब्दाविषयी माझ्या मनात पहिली शंका आली ती तेथे. २०१९ साली कोयनेच्या परिसरातून मांजऱ्या सापांच्या वंशातला एक साप नव्याने नोंदवला गेला, बोइगा ठाकरेई. पश्चिम घाटातून त्या वंशातली नवी जात मिळायला १२५ वर्षे लागली होती. ओढ्याकाठी, पाण्यावर झुकलेल्या झाडांवर राहणारा आणि बेडकांची अंडी खाणारा तो साप त्या १२५ वर्षांत कोठे गेला होता? कोठेही नाही. दुसऱ्याच वर्षी आपल्या हरणटोळाचे प्रकरण निघाले. कोकणातल्या प्रत्येक कुंपणावर दिसणारा, टोकदार नाकाचा हिरवा साप ज्या नावाने पुस्तकांत वर्षानुवर्षे छापला जात होता ते नाव श्रीलंकेतल्या सापापुरते राहिले, आणि आपल्या बाजूच्या हरणटोळांची निरनिराळ्या जातींत वाटणी झाली. कालपर्यंत ज्याला कोणी वळून पाहत नव्हते तो एका रात्रीत नवा झाला. खैरेंच्या खापरखवल्याचेही तसेच. त्याचे नमुने आधी मिळालेले होते, फक्त ते दक्षिणेतल्या दुसऱ्या जातीच्या नावाने ओळखले जात होते. बरणीत असूनही तो सापडलेला नव्हता.

म्हणून कोणी एखाद्या सापाला दुर्मीळ म्हटले की मी आता विचारतो, कोणाला? मातीखाली राहणारा, पावसाळ्यातल्या मोजक्या रात्री वर येणारा साप, ज्या माणसाला वर्षाला चार दिवस रजा मिळते आणि ती तो सड्यावर घालवतो, त्याला दुर्मीळ असणारच. खरोखर संख्येने कमी असणे आणि आपल्या वेळापत्रकात न बसणे या दोन गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबल्या आहेत. फिप्सनच्या नावाचा खापरखवल्या १८८८ साली नोंदवला गेला. हे फिप्सन मुंबईत दारूचे व्यापारी होते आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आद्य मंडळींपैकी एक. त्यांच्या काळात बागेची माती उकरणारा माळी आणि नमुने गोळा करणारा साहेब एकाच आवारात असत, म्हणून मातीतले साप त्यांना बऱ्यापैकी मिळत. आमच्याकडे विजेरी उत्तम आहेत, कुदळ नाही.

कुदळ नसली तरी दगड उलटण्याचा मोह होतोच, आणि येथे माझा स्वतःचा अपराध सांगितला पाहिजे. तिसऱ्या वर्षी मी एका उतारावरचे जांभ्याचे दगड एकामागून एक उलटत गेलो. दगड जसा होता तसा परत ठेवायचा हा नियम मला माहीत होता आणि पहिले सात-आठ दगड मी ठेवलेही. मग पाऊस वाढला, घाई झाली, आणि परतताना मागे वळून पाहिले तर उतारावर दगडांची ओली पोटे वर करून पडलेली रांग दिसली, त्यांच्या खालच्या विंचवांची, गोगलगायींची, मुंग्यांच्या अंड्यांची घरे उघडी पाडून. काका काही बोलले नाहीत. ते खाली उतरले आणि एकेक दगड पालथा घालू लागले. मीही गेलो. त्या कामाला पाऊण तास लागला, आणि त्यानंतर मी दगडाला हात लावलेला नाही.

हे सांगितल्यावर छायाचित्रकारांविषयी बोलण्याचा अधिकार मला कितपत उरतो हे माहीत नाही, तरी बोलतो. चापडा जागा सोडत नाही हा त्याचा स्वभाव त्याच्या मुळावर आला आहे. कोणत्या झाडावर कोणता चापडा बसला आहे याची बातमी शनिवारी दुपारपर्यंत सर्वत्र पोहोचते आणि रात्री त्या झाडाखाली जत्रा भरते. मागची पार्श्वभूमी काळी हवी म्हणून आजूबाजूच्या फांद्या मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. सापाला काठीने उचलून शेवाळाच्या देखण्या फांदीवर ठेवलेलेही पाहिले आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि परवानगीशिवाय साप पकडणे हा त्यात गुन्हा आहे, पण त्या गर्दीत कायद्याचे नाव काढणारा माणूस रसभंग करणारा ठरतो. म्हणून आंबोलीचे नाव मी लिहिले, ते सर्वांना ठाऊकच आहे. पुढची जागा लिहीत नाही.

काळा खापरखवल्या मला प्रथम दिसला तो २०१९ साली, घाटरस्त्यावर, मेलेला. पहाटे सहाची वेळ होती. रात्रभर पाऊस कोसळला होता, आणि शनिवार असल्याने रात्रभर गाड्याही वर चढत होत्या. डांबरावर बेडूक, खेकडे, एक कवड्या साप आणि त्यांच्यामध्ये हा. मधला भाग चाकाखाली गेला होता, पण डोक्याकडचे वीतभर अंग शाबूत होते आणि त्यावर, मेल्यानंतरही, ती निळी झळाळी होती. या पट्ट्यात मेलॅनोफिडियम वंशातला दुसरा कोणी नाही, त्यामुळे ओळखीविषयी शंका नव्हती. बिळात पाणी शिरले म्हणून तो वर आला असेल, आणि ज्या गुळगुळीत पृष्ठभागावर कणा आतल्या आत वळवून काही उपयोग नव्हता तेथे अडकला असेल. मातीत जे अंग कुदळ होते ते डांबरावर सुतळी झाले. तीन वर्षे ज्याची वाट पाहिली त्याच्याकडे मी छत्री धरून उभा राहिलो आणि फोटो काढायचे सुचले नाही. मागून हॉर्न वाजला तेव्हा त्याला पानावर घेऊन कडेच्या गवतात ठेवले.

पुढची दोन वर्षे साथीने गेली. २०२२ च्या जुलैत पुन्हा गेलो तेव्हा काकांचे गुडघे धरले होते आणि रात्रीची फिरती जवळजवळ बंद होती. मी त्यांच्याच घरी उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, पाऊस जरा उघडलेला असताना, त्यांची आई परसात घराच्या मागच्या भिंतीलगतचा चर मोकळा करत होती. ऐंशीच्या पुढचे वय, डोक्यावर प्लॅस्टिकचा तुकडा, हातात लहान कुदळ. मी पडवीत बसून चष्मा पुसत होतो. तिने मला हाक मारली, कारण काकांनी तिला कधीतरी सांगून ठेवले असावे की हा पाहुणा मातीत काहीतरी शोधतो.

अळवाच्या मुळाशी, तिने नुकत्याच उलटलेल्या ढेकळात, तो होता. अर्धे अंग ढेकळात आणि अर्धे बाहेर, काळा, ओला, आणि उन्हाची एक तिरीप पडली तेव्हा निळा, मग जांभळा, मग पुन्हा काळा. डोके मातीत खुपसण्याची त्याची खटपट चालली होती आणि मानेच्या मागचे अंग फुगत होते, ओसरत होते, फुगत होते. मी पुस्तकात वाचलेली ती आतली वळणे तेथे कातडीखाली चालू होती.

"हो काळो काडू," ती म्हणाली. काडू म्हणजे गांडूळ. "दरवर्सा गावता हय. अळवाखाली."

मी विचारले, दरवर्षी?

"दरवर्सा," ती म्हणाली. "तेका काय करू नको हां, झिला. काय एक करणा नाय तो."

काका पडवीतून सगळे ऐकत होते. इतकी वर्षे आपण सड्यावर, ओढ्यात, घाटात रात्री जागवल्या आणि आईला एकदाही विचारले नाही, हे त्यांच्याही तेव्हाच लक्षात आले असावे, कारण ते माझ्याकडे न पाहता विडी शोधू लागले. साप मिनिटाभरात दिसेनासा झाला. म्हातारीने ते ढेकूळ कुदळीच्या पाठीने हळूच जागेवर लोटले, वरून थोडी माती ओढली, आणि चराचे उरलेले काम त्या बाजूने न करता दुसऱ्या टोकाकडून सुरू केले.